दोन तोंडांची डबी

कॅल्युमेटच्या पुढं नऊ मैल, जिथं डांबर संपतं,
तिथं कांगास भावांचं घर.
लाल दगडाची भिंत, दोन फूट जाड,
आणि त्या भिंतीत त्यांच्या बापानं
खाणीतल्या छिन्नीनं पाडलेलं एकच भोक,
अंगठा जेमतेम शिरेल एवढं.

फोनवर आर्विद म्हणाला, छपरावरचा अँटेना माझा.
पाच मिनिटांनी, त्याच नंबरवरून, रेइनो:
दक्षिणेच्या कोपऱ्यातली छत्री माझी.
दोघांनीही बजावलं,
दुसरं भोक पाडायचं नाही.

अबोला अकरा वर्षांचा. कारण एक होडी.
विकली एकानं की बुडवली दुसऱ्यानं,
गावात दोन्ही गोष्टी सांगतात
आणि मी दोन्हीकडची कॉफी प्यायलेय.

शिडीवर मी. दातांत नट, हातमोजा एकाच हातात.
खिशातून डबी काढली, काडेपेटीएवढी,
वर दोन तोंडं, खाली एक.
लोकांना वाटतं, दोन तारा पिळून जोडल्या की झालं.
नुसत्या पिळल्या तर दोन्ही बिघडतात.
अँटेनाचं येणं खालच्या पट्टीत,
छत्रीचं वरच्या.
मधे थोडी मोकळी जागा, जिथं कुणीच बोलत नाही.
तेवढ्या जागेच्या जिवावर
एका तांब्यातून दोघं जातात,
एकमेकांना धक्का न लावता.

आत, भिंतीपलीकडं, अगदी तशीच दुसरी डबी लागते,
उलटी बसवलेली. जोडलेलं पुन्हा वेगळं करायला.
तिचे पैसे द्यायला सहसा कुणी राजी नसतं.
कांगासांनी दिले. अर्धे अर्धे,
शेवटचं नाणं सुद्धा वाद घालून नव्हे,
टेबलाच्या दोन टोकांवर ठेवून.

पहिल्यांदा चुकलेच.
डबी जुन्या साठ्यातली, तोंडांवरची अक्षरं पुसट.
छत्रीच्या डोक्याला वीज घरातूनच चढावी लागते,
त्याच तारेनं, उलट्या दिशेनं,
आणि डबीचं एकच तोंड तिला वाट देतं.
मी नेमकं दुसरं धरलं. दोन्ही पडदे काळे.
दोन्ही दारं एकदम उघडली.
बोळात दोघं, लोकरी मोज्यांत, समोरासमोर.
क्षणभर मला वाटलं...
पण दोघांनीही पाहिलं ते माझ्याकडं.
"वुओरीची पोरगी ना तू?" आर्विद.
"बापही असाच धांदरट होता." रेइनो.
ऐकायला ते एकच वाक्य होतं,
पण बोलले मला उद्देशून,
म्हणजे हिशेबात धरायचं नाही.

मग नीट लावलं.
डावीकडं गावचं हवामान, बंद शाळांची यादी,
कोण वारलं, कोणाची बोट विकायची आहे.
उजवीकडं आइस हॉकी, दोन हजार मैलांवरची.

जानेवारीत दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्यानं गेले.
रात्रभरात चौदा इंच पडलेला.
छत्रीत बर्फ साचला की रेइनोचा पडदा थिजतो, हे ठरलेलं.
आणि वादळ येणार हे घरात आधी कळतं
ते आर्विदला.

छत्रीपर्यंत पावलांचा माग होता, एकाच माणसाचा.
बाजूला केरसुणीचे फरकाटे.
छत्री लख्ख झाडलेली, कडासुद्धा.
माग आर्विदच्या पायरीवरून निघाला होता
आणि आर्विदच्याच पायरीशी संपला होता.

मी गाडी थांबवली नाही.
आरशात दिसलं, छपरावरचा अँटेना वाऱ्यानं कलला होता,
आणि आर्विदचे गुडघे केव्हाच गेलेत.

संध्याकाळी परतताना बघितलं.
रेइनोच्या बाजूनं शिडी लावलेली,
खालच्या तीन पायऱ्यांवरचा बर्फ तुडवलेला.
वर कुणी नव्हतं.
अँटेना अजून वाकडाच.